गे कथा लिहिणं आणि त्यावर रिव्ह्यू देणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन लिहिणारे आणि नवीन रिव्ह्यू देणारे हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. क्रम वगैरे काही नाही, हवं तिथून वाचा. गे कथा म्हणजे ज्यात दोन पुरुषांमधलं प्रेम, ओढ, संसार किंवा भांडण कथेच्या मध्यभागी आहे ती, मग बाकी ती भुताची असो, खुनाच्या तपासाची असो नाहीतर निव्वळ गोडगोड असो. उत्तरं माझी आहेत, पटली तर घ्या.

मी गे नाहीये, मुलगी आहे / स्ट्रेट आहे. मी लिहिलं तर चालेल का?

चालेल की. एमएम (मेल-मेल) रोमान्स म्हणून जो प्रकार ऑनलाइन धो धो वाचला जातो तो लिहिणाऱ्यांत बायका भरपूर आहेत, आणि जपानमध्ये १९७० च्या दशकात मुलामुलांच्या प्रेमाच्या मंगा (जपानी चित्रकथा) ज्यांनी गाजवल्या त्याही तरुण लेखिकाच होत्या, आज ज्याला सगळे बीएल (बॉइज लव्ह) म्हणतात त्याची मुळं तिथली.

पण बाहेरून लिहिणाऱ्याची कथा बऱ्याचदा दुसऱ्याच पानावर ओळखू येते, आणि ती कशामुळे ते सांगतो. हिरो दर परिच्छेदात 'मी गे आहे' हा विचार करत असतो. दात घासताना, बसमध्ये, मीटिंगमध्ये. असं कोणी करत नाही हो. उलट ज्या बारीक गोष्टी खरंच सतत डोक्यात चालू असतात त्या कथेत कुठेच नसतात: ऑफिसात कोणी विचारलं वीकेंडला काय केलंस तर 'आम्ही' म्हणायचं की 'मी', हॉटेलच्या काउंटरवर डबल बेड की दोन वेगळे बेड असं विचारल्यावर दोघांपैकी कोणी बोलायचं, रस्त्यात समोरून कोणी आलं की हातातला हात आपोआप कधी सुटतो आणि सुटल्याचं दुसऱ्याला किती लागतं. हे गे मित्रांशी बोलून, त्यांनी स्वतः लिहिलेलं वाचून कळतं. मित्राला कथा दाखवणार असाल तर त्याला 'बरोबर आहे का' असं विचारू नका, तो भिडेखातर हो म्हणेल. 'कुठे हसू आलं' असं विचारा.

मी स्वतः गे आहे म्हणजे मला हे आपोआप जमेल ना?

नाही. अनुभव तुमच्याकडे आहे, पण कथा वेगळी रचावी लागते.

पण हे माझ्याबाबतीत खरंच घडलंय! तरी लोक अवास्तव म्हणतात.

हा वाद नेहमीचा. खऱ्या आयुष्यात माणसं कारणाशिवाय वागतात, योगायोग होतात, एखादा मित्र वर्षभर बोलत नाही आणि मग एक दिवस दारात उभा राहतो. वाचकाला तुमचं आयुष्य माहीत नाही, त्याच्यासमोर फक्त तुम्ही लिहिलेलं आहे, त्यामुळे कमेंटमध्ये 'हे खरं घडलंय' असं सांगून काही सिद्ध होत नाही. घडलेलं जसंच्या तसं उतरवण्याच्या नादात आपण जे आपल्याला माहीतच आहे ते लिहायचं विसरतो, म्हणजे तो दारात उभा राहिला तेव्हा तुम्हाला राग आला होता की हायसं वाटलं होतं तेच पानावर आलेलं नसतं. तिथे परत जाऊन बघा, नव्वद टक्के वेळा दुरुस्ती तिथेच असते (हा टक्का माझ्या मनाचा, मोजायला जाऊ नका).

प्रत्येक कथेत कमिंग आउटचा, म्हणजे आपण गे आहोत हे लोकांना सांगण्याचा, सीन पाहिजेच का?

अजिबात नाही, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळा आलाय त्याचा. आईवडिलांना समोर बसवलं, 'मला काहीतरी सांगायचंय', शांतता, रडारड, मग मिठी किंवा मग घराबाहेर. हा सीन इतक्यांनी इतक्यांदा लिहिलाय की वाचक पुढच्या ओळी आधीच म्हणून दाखवेल. लिहायचाच असेल तर लक्षात घ्या की कमिंग आउट एकदा होऊन संपत नाही, नवीन नोकरी, नवीन घरमालक, नवीन डॉक्टर, प्रत्येक ठिकाणी परत ठरवावं लागतं सांगायचं की नाही. तीस वर्षं आउट असलेल्या माणसाने डॉक्टरसमोर एका साध्या प्रश्नाला उत्तर देताना अडखळणं हे मला आईवडिलांच्या सीनपेक्षा जास्त वाचावंसं वाटतं. आणि ज्यांना सगळं माहीतच आहे अशा दोघांची कथाही लिहा ना, घर बदलताना भांडणारे, एकाला मूल हवंय एकाला नकोय असले.

दोघंही पुरुष, दोघंही 'तो'. वाचताना घोळ होतो. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि रास्त आहे. मुलगा-मुलीच्या कथेत 'तो' आणि 'ती' आपोआप वाट दाखवतात, क्रियापदंसुद्धा मदत करतात. इथे ती सोय नाही. मग असं वाक्य तयार होतं:

'त्याने त्याचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला वाटलं की त्याने आता तरी त्याला काहीतरी सांगावं.'

कोणाचा हात, कोणाचा खांदा, कोणाला वाटलं, देव जाणे. आता हेच:

'समीरने निखिलच्या खांद्यावर हात ठेवला. आता तरी बोल ना, निखिलला वाटत होतं. समीर गप्पच.'

काय केलं इथे? पहिलं म्हणजे नाव वापरलं. नाव परत परत आलं तर बालिश वाटेल अशी भीती सगळ्यांना असते, वाचकाला ते खटकत नाही, नावावरून नजर सरकून जाते. दुसरं, 'त्याचा हात' मधलं 'त्याचा' उडवलं. हात ज्याने ठेवला त्याचाच असतो, मराठीत ते सांगावं लागत नाही, आणि सांगायचंच झालं तर 'आपला' आहे की. तिसरं, निखिलच्या मनातलं वाक्य सरळ ठेवलं, 'त्याने त्याला सांगावं' या भानगडीत पडलोच नाही.

याशिवाय एक नियम मी पाळतो. ज्याच्या डोक्यातून सीन चाललाय त्याला 'तो' द्यायचा आणि दुसऱ्याला नाव. सीनभर ते बदलायचं नाही. पुढच्या सीनमध्ये दुसऱ्याच्या डोक्यात गेलात तर उलटं करा. आणि बोली चालणारी कथा असेल तर हा-तो ची जोडी आहेच, 'हा म्हणतो चल, तो म्हणतो नको', आपण तोंडी गोष्ट सांगताना हेच करतो, लिहिताना का विसरतो कळत नाही. प्रथमपुरुषी लिहिलंत तर मी आणि तो, प्रश्नच मिटला, फक्त तिसरा पुरुष खोलीत आला की सांभाळा.

घोळ टाळायचा म्हणून काही लोक 'उंच तरुण', 'कुरळ्या केसांचा', 'वयाने मोठा पुरुष' असं लिहायला लागतात. हे कृपा करून बंद करा. ज्याच्यासोबत पाच वर्षं राहतोय त्याच्याकडे बघून कोणाच्या मनात 'उंच तरुण' येत नाही. नावं ठेवतानाही समीर-सुमित, रोहन-रोहित अशा जोड्या नकोत, भर भांडणात कोण बोलतंय ते बघायला मागे जावं लागतं.

आणि संवादात तू-तुम्ही विसरू नका! एक सीनियर, एक ज्युनियर, सुरुवातीला तुम्ही-तुम्ही चाललंय, आणि मग एका वाक्यात नकळत 'तू' निघून जातं आणि दोघंही ते ऐकतात. असा क्षण फुकटात मिळतोय तर अर्धे लेखक पहिल्या भेटीपासूनच एकेरीवर येऊन तो वाया घालवतात.

जोडीत एक नाजूक आणि एक दणकट असावा लागतो का?

लागत नाही. टॉप (सेक्समध्ये प्रवेश करणारा) म्हणजे रागीट, श्रीमंत, कमी बोलणारा, आणि बॉटम (प्रवेश घेणारा) म्हणजे रडका, लहानखुरा, स्वयंपाक करणारा, हा साचा इतका घट्ट झालाय की वाचक पहिल्या भागातच पैज लावतात. बेडरूममधली आवड आणि माणसाचा स्वभाव यांचा असा संबंध नसतो, बऱ्याच जोडप्यांत ती आवड ठरलेलीही नसते, कित्येकांना त्यात रसच नसतो. नाजूक पुरुष लिहू नका असं मी म्हणत नाहीये, जरूर लिहा, पण त्याला विनोदबुद्धी द्या, नोकरी द्या, चिडायचा हक्क द्या. 'यात बायको कोण' हा प्रश्न लोक खऱ्या जोडप्यांना विचारतात आणि तो ऐकून ते वैतागलेले असतात, कथेने तोच प्रश्न वाचकाच्या तोंडी घालू नये.

सेक्स सीन किती आणि कसा लिहायचा? नाही लिहिला तर लोक वाचतील का?

वाचतील. दार बंद झालं आणि सकाळ झाली, असंही चालतं. सीन लिहायचा की नाही हे एका प्रश्नावर ठरवा: या सीननंतर दोघांमध्ये काही बदललं का? कोणी काही कबूल केलं, कोणी मागे हटलं, कोणाला पहिल्यांदा सुरक्षित वाटलं? काहीच बदललं नसेल तर तो सीन कितीही गरम असला तरी वाचक स्क्रोल करून पुढे जातो, विशेषतः तिसऱ्या वेळी.

शारीरिक तपशिलात गाढवपणा नको. ल्युब्रिकंट लागतं. लेटेक्स कॉन्डोमसोबत तेल किंवा व्हॅसलिनसारखं काही वापरलं तर लेटेक्स कमजोर होऊन कॉन्डोम फाटू शकतो, पाण्याचं किंवा सिलिकॉनचं चालतं, तेव्हा तुमचा काळजीवाहू समजूतदार हिरो स्वयंपाकघरातून तेलाची बाटली आणतो हे रोमँटिक नाही, वाचणारा कपाळावर हात मारतो. पहिली वेळ कोणाचीच सिनेमासारखी होत नाही. हसू येतं, पेटके येतात, 'थांब जरा' म्हणावं लागतं. ते 'थांब जरा' आणि त्यावर समोरचा लगेच थांबणं, यात जेवढी जवळीक दिसते तेवढी दोन पानी वर्णनात दिसत नाही.

आणि यात वाद नको: अशा सीनमधली माणसं प्रौढ हवीत, अठराच्या वरची, आणि ते कथेत स्पष्ट दिसलं पाहिजे. शाळेतल्या वयाचं पहिलं प्रेम लिहा, चोरून पाठवलेली चिठ्ठी लिहा, पण तिथे सेक्स नाही. जबरदस्तीला प्रेमाचा मुलामा देणारी कथा असेल तर रिव्ह्यूत मी ते सरळ लिहितो, मग भाषा कितीही सुंदर असो.

शेवट गोड केला तर खोटा वाटतो. ट्रॅजेडीच जास्त साहित्यिक नाही का?

हे डोक्यात कुठून आलं ते बघू या. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून जी हेज कोडची सेन्सॉरशिप कडकपणे राबवली गेली त्यात समलैंगिकतेचा नुसता इशाराही पडद्यावर चालत नव्हता, १९६१ मध्ये ते थोडं सैल झालं. अमेरिकेतल्या १९५० च्या दशकातल्या स्वस्त कादंबऱ्यांत अशा नायक-नायिकांचा शेवट वाईट करावा लागायचा कारण पुस्तकं पोस्टाने जायची, आणि सुखी शेवट असेल तर अश्लील म्हणून गठ्ठे जप्त व्हायची धास्ती प्रकाशकांना होती. १९५८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका गे मासिकाच्या बाजूने निकाल दिला तेव्हा कुठे केवळ विषय समलैंगिक आहे म्हणून ते अश्लील ठरत नाही हे पक्कं झालं. म्हणजे मरणारा गे नायक ही कोणा प्रतिभावंताची निवड नव्हती, निदान दर वेळी नव्हती, ते पोस्टखात्याच्या भीतीने आलेलं होतं आणि मग सवय झाली. ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' १९१३-१४ मध्ये लिहिली आणि ठरवून दोघांना सुखात ठेवलं, तर ती छापली गेली १९७१ मध्ये, तो वारल्यानंतर.

तेव्हा ट्रॅजेडी लिहा, पण ती कथेतून आलेली असू द्या. शेवटच्या भागात अचानक ट्रक येऊन धडकणं, ज्याचा आधी कुठे मागमूस नव्हता असा आजार निघणं, याला वाचक वैतागतात ते हळवे आहेत म्हणून नाही, त्यांनी हेच शंभरदा वाचलंय. आणि गोड शेवटही कमवावा लागतो. सतरा भाग बाप बोलत नाही आणि अठराव्यात 'बेटा, मला सगळं मान्य आहे' म्हणून मिठी मारतो, तेही ट्रकइतकंच आयतं आहे. मला स्वतःला अर्धवट गोड शेवट आवडतात, म्हणजे बाप अजूनही बोलत नाहीये पण त्या दोघांचा सोफा आलाय.

जुन्या काळातली कथा लिहितोय. कशाची काळजी घेऊ?

तारखांची. १९७० मधल्या मोर्चात इंद्रधनुषी झेंडा नको, तो पहिल्यांदा फडकला जून १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, आणि तेव्हा त्यात आठ पट्टे होते. २००५ मधल्या हिरोने ग्राइंडरवर कोणाला भेटू नये, ते गे डेटिंग ॲप २००९ मध्ये आलं, त्याआधी चॅटरूम होत्या, त्याही आधी छोट्या जाहिराती, पत्रपेट्या, ठराविक बागा आणि बार. पुरुषांमधल्या शारीरिक संबंधांचा कायदा देशागणिक वेगळा: इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ ला खाजगीत, आणि तेही एकवीस पूर्ण असलेल्यांनाच सूट मिळाली, स्कॉटलंडला त्यासाठी १९८० चा कायदा यावा लागला, जर्मनीतलं कलम १७५ पूर्ण जायला १९९४ उजाडलं, भारतात सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. डॉक्टर 'हा आजार नाही' असं समजावतोय असा सीन असेल तर साल तपासा, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या यादीतून तो १९७३ मध्ये काढला आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये.

अठराव्या शतकातल्या सरदाराने 'मी गे आहे' असं म्हणू नये हे सांगायला लागू नये, पण लागतं. त्याला जे वाटतंय त्याला नाव नसताना तो स्वतःशी काय बोलेल, हे शोधणंच तर मजेचं आहे.

एचआयव्हीचा विषय आणावा का?

कथेला हवा असेल तर आणा, शिक्षा म्हणून आणू नका. काळ मात्र नीट धरा. या आजाराची पहिली अधिकृत नोंद जून १९८१ ची, चाचणी १९८५ मध्ये आली, आणि १९९६ च्या आसपास औषधांचं कॉम्बिनेशन आल्यावर चित्रच पालटलं. १९८८ मधला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि आजचा पॉझिटिव्ह रिपोर्ट या दोन वेगळ्या कथा आहेत. आज नियमित औषधं घेऊन रक्तातला व्हायरस चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की सेक्समधून तो जोडीदाराला लागत नाही. लागण न झालेल्यांसाठी ती टाळायची रोजची गोळी, प्रेप, तिला अमेरिकेत २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हा २०२० मधला हिरो रिपोर्ट बघून 'आता माझे थोडेच दिवस उरले' म्हणून प्रियकराला सोडून निघून जातो, ही कथा तुम्ही कित्येक वर्षं उशिरा लिहिताय.

माझ्या कथेत बायका नाहीतच. चालेल ना?

तुरुंग, जहाज, बॉइज हॉस्टेल असेल तर चालेल. नाहीतर प्रश्न पडतो की या जगात बायका गेल्या कुठे. आणि असल्याच तर एकतर खलनायिका एक्स, नाहीतर दोघांची जुळवाजुळव करणारी मैत्रीण जिला स्वतःचं आयुष्यच नाही. ज्या बाईशी त्याने घरच्यांच्या दबावाने लग्न केलं ती त्या कथेत सगळ्यात जास्त फसवली गेलेली व्यक्ती असते, तिला चेटकीण करून लेखक हिरोला सोपं सोडवतो. तिला एक पान द्या, कथा कुठल्या कुठे जाईल.

टॅग, रेटिंग, वॉर्निंग एवढं सगळं कशाला? स्पॉयलर होतो ना.

थोडा होतो. पण रात्री दोन वाजता मन हलकं करायला कथा उघडलेल्या माणसाला चौथ्या भागात आत्महत्या समोर आणून ठेवायची, यापेक्षा तो स्पॉयलर परवडला. आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिकची (चाहत्यांनी लिहिलेल्या कथांची) साइट, जी २००९ पासून चालू आहे आणि जिला २०१९ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तिथे यावर चांगली वाट काढलीय: मोठ्या वॉर्निंग ठरलेल्या आहेत, आणि लेखकाला सांगायचं नसेल तर 'मी वॉर्निंग देत नाही' असंही निवडता येतं, मग वाचक आपल्या जबाबदारीवर आत येतो. टॅग खरे द्या. बाजूला कुठेतरी दोन ओळींत गे मित्र आहे म्हणून कथेला गे टॅग लावला की शोधत आलेले लोक चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

दुसऱ्याच्या कॅरेक्टर्सवर लिहिलेली फॅनफिक 'खरी' गे कथा धरायची का?

धरायची. १९७४ मध्ये 'स्टार ट्रेक'मधल्या कर्क आणि स्पॉकवर एका फॅनने लिहिलेली छोटी कथा फॅनझीनमध्ये, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकात आली, तिथून स्लॅश, म्हणजे दोन पुरुष कॅरेक्टर्सची जोडी जमवणारं फॅनफिक, सुरू झालं असं मानतात, कर्क/स्पॉक या दोन नावांमधल्या तिरक्या रेघेवरून स्लॅश. जगभरातले कितीतरी लोक लिहायला तिथेच शिकले. फक्त खऱ्या, जिवंत माणसांवर, नट-खेळाडूंवर लिहिताना मला संकोच वाटतो, आणि ती कथा त्या माणसाला टॅग करून पाठवणारे तर हद्द करतात.

टोपणनावाने लिहू का?

लिहा, त्यात कमीपणा काही नाही. पॅट्रिशिया हायस्मिथने दोन बायकांच्या प्रेमाची आपली कादंबरी १९५२ मध्ये दुसऱ्या नावाने छापली आणि ती स्वतःच्या नावाने यायला १९९० साल लागलं. टोपणनाव घ्यायचं तर ईमेल वेगळा काढा, तेच नाव दुसरीकडे वापरू नका, ऑफिसच्या लॅपटॉपवर ड्राफ्ट ठेवू नका. स्वतःइतकीच काळजी दुसऱ्याची घ्या. एक्स-बॉयफ्रेंडवर कथा लिहिली, नाव बदललं पण त्याचं कॉलेज, त्याची बाइक, कपाळावरची खूण सगळं तसंच ठेवलं, आणि तो घरी आउट नाहीये. कथेने त्याला बाहेर काढलं तर ते निस्तरायला तुम्ही जाणार नाही. आणि कोण कोणत्या नावाने लिहितं हे तुम्हाला कळलं असेल तर ते तुमच्यापाशीच राहू द्या, रिव्ह्यूत खरं नाव घेणं म्हणजे विश्वासघात आहे, चेष्टेतसुद्धा नको.

रिव्ह्यू कसा लिहायचा? मी काही समीक्षक नाही.

समीक्षक नकोच आहे. वाचताना तुमचं काय झालं ते सांगणारा माणूस हवाय.

'मस्त!! पुढचा भाग लवकर टाका' याने लेखकाला बरं वाटतं, मलाही वाटतं, पण त्यातून हाती काही लागत नाही. दुसऱ्या टोकाला 'कॅरेक्टर डेव्हलपमेंट वीक आहे, पेसिंगवर काम करा' असलं पुस्तकी काहीतरी, त्यानेही हाती काही लागत नाही, वर मूड जातो तो वेगळाच. आता हे बघा:

'निखिल आईला फोन करतो तिथपर्यंत एका दमात वाचलं. फोननंतर तो लगेच समीरकडे जातो आणि दोघं मस्करी करत बसतात, तिथे मी अडकलो. आईच्या बोलण्याचं त्याला काहीच वाटलं नाही, की तो लपवतोय? लपवत असेल तर समीरच्या ते लक्षात आलं का? मला वाटलं होतं समीर विचारेल, आणि त्याने विचारलं नाही म्हणून मला समीरचाच राग आला. तुम्हाला तसंच हवं असेल तर भारी आहे.'

यात एकही पारिभाषिक शब्द नाही. कुठे ओढला गेलो, कुठे अडकलो, काय अपेक्षा होती आणि काय मिळालं, एवढंच आहे. शेवटच्या वाक्यात लेखकाला जागा ठेवली आहे, कारण कदाचित समीर तसा थंडच असेल आणि पुढच्या भागात त्याचं काहीतरी होणार असेल. तुम्ही कथा दुरुस्त करून द्यायला बसलेले नाही, 'मी असतो तर असं लिहिलं असतं' हा मोह आवरा.

गे कथांच्या बाबतीत एक वेगळाच आजार आहे, तो म्हणजे लाडाचा रिव्ह्यू. 'एवढ्या संवेदनशील विषयावर लिहिलंत, सलाम तुमच्या धाडसाला.' अरे पण कथा कशी होती? लेखकाने महिनाभर रात्री जागून संवाद घासूनपुसून लिहिले आणि त्याच्या हातावर धाडसाचं सर्टिफिकेट टेकवलं, म्हणजे कथा वाचलीच नाही असं सांगितल्यासारखं आहे. खुनाच्या कथेला जे प्रश्न विचारता, रहस्य टिकलं का, माणसं लक्षात राहिली का, संवाद तोंडात बसतात का, तेच इथे विचारा.

कथा आवडली नाही. गप्प बसू की लिहू?

लेखकाने मत मागितलंय का ते बघा. 'पहिलाच प्रयत्न, जपून' असं वर लिहिलं असेल तर एकच मुद्दा घ्या, सगळ्यात मोठा, आणि बाकी सोडा. शुद्धलेखनाच्या चुकांची यादी खाजगीत पाठवा. स्टार द्यायचे असतील तर दोन ओळी सोबत लिहाच, नुसता एक स्टार म्हणजे अंधारात दगड.

कथेत गे लोकांबद्दल काहीतरी खटकणारं आहे. ते कसं सांगू?

वाक्यावर बोट ठेवून. 'ही कथा होमोफोबिक आहे' म्हटलं की लेखक बचावाला उभा राहतो आणि बाकीचे दोन तट पडून भांडत बसतात. त्याऐवजी: 'डॉक्टर म्हणतो की लहानपणी वडील जवळ नव्हते म्हणून तो असा झाला, आणि कथा पुढे ते खरंच धरून चालते, कोणी खोडत नाही.' आता बोलणं कथेवर आहे. कॅरेक्टरचं मत आणि कथेचं मत यात फरक असतो हे विसरू नका. जुन्या विचारांचा काका घाण बोलणारच, त्याच्या तोंडी गोड भाषा घातली तर तो काका राहणार नाही. बघायचं एवढंच की कथा त्या काकाच्या बाजूला जाऊन बसलीय का.

वाईट रिव्ह्यू आला. उत्तर देऊ का?

त्या दिवशी नको. 'वाचल्याबद्दल आभार' एवढं पुरतं. समजावून सांगायची सुरसुरी येते, 'अहो त्याचा अर्थ असा होता', पण जे समजावून सांगावं लागतंय ते कथेत नव्हतं किंवा त्या वाचकाला दिसलं नाही. तिघांनी एकाच जागी अडखळल्याचं सांगितलं तर ती जागा बदला, भले त्यांनी सुचवलेला उपाय तद्दन चुकीचा असो. वाचकाला दुखतंय कुठे ते बरोबर कळतं, औषध तुम्हीच शोधायचं. आणि शिवीगाळ, धमकी, 'असले विकृत विषय' वगैरे आलं तर तो रिव्ह्यू नाहीच, रिपोर्ट करा, ब्लॉक करा, वाद घालू नका.

अर्ध्यात सोडलेल्या कथेच्या लेखकाच्या मागे लागावं का?

एकदा प्रेमाने विचारा. लेखक फुकट लिहितोय.

माझी जुनी कथा आता वाचवत नाही. काढून टाकू का?

तुमची आहे, काढू शकता. आधी स्वतःकडे कॉपी ठेवा, कमेंट्ससकट, कारण नंतर त्याच हव्याशा वाटतात. पण गे कथांच्या बाबतीत जरा थांबून विचार करा, ज्याने ती चोरून, रात्री, पहिल्यांदा वाचली त्याला तुमचे भाबडे संवाद आठवत नाहीत, तो ती कथा परत शोधत येतो आणि लिंक मेलेली असते. मधला मार्ग काही ठिकाणी आहे. आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर कथा ऑर्फन करता येते, म्हणजे कथा तशीच राहते, फक्त तुमचं नाव तिच्यावरून निघतं. एकदा केलं की परत फिरवता येत नाही आणि त्यानंतर त्यातली वेलांटीसुद्धा तुम्हाला बदलता येणार नाही, तेव्हा चुका काढायच्या असतील तर त्या आधी काढून घ्या.